कड गेली की तळं गेलं

आपल्याकडं एक खुळ आहे. हिरवं दिसलं की चांगलं म्हणायचं. रान हिरवं असावं, डोंगर हिरवा असावा, हे खरं. पण तळं हिरवं दिसलं तरी लोक खूश होतात. पावसाळा सरला की चाकूरच्या बाजूनं जाणारी शहरातली माणसं गाडी लावून आमच्या गावच्या तळ्यातली जांभळी फुलं बघतात, फोटो काढतात आणि म्हणतात, "दुष्काळी भागात एवढं हिरवंगार तळं! नशीबवान आहात बुवा." मी काही बोलत नाही. पाहुण्याला वाटेत अडवून काय सांगायचं? पण इथं सांगतो. ते हिरवं तळं नाही. ती तळ्याच्या तोंडावर दाबलेली उशी आहे आणि तिच्याखाली तळं गुदमरतंय.

त्या वनस्पतीला जलपर्णी म्हणतात. कोल्हापूरकडं केंदाळ म्हणतात. माझं भांडण तिच्याशी आहेच, पण त्याहून जास्त भांडण आहे ते तळं म्हणजे नुसतं साठवलेलं पाणी असं समजणाऱ्या माणसांशी. त्यात साहेब आले, ठेकेदार आले, पुढारी आले आणि आपण शेतकरीही आलो. आपण तळं मोजतो ते टक्क्यांत. "तळं किती भरलं?" एवढंच एकमेकांना विचारतो. "तळ्यात राहतं कोण कोण?" हे कुणी विचारत नाही. आणि तळ्यात जे राहतं, त्यातलं बहुतेक सगळं कडेच्या उथळ पाण्यात राहतं, नाहीतर लहानपणी तिथं राहून गेलेलं असतं. म्हणून मी म्हणतो, कड गेली की तळं गेलं. मग सांडव्यावरून पाणी का वाहीना.

आमचं तळं काही राजे-महाराजांच्या काळातलं नाही. १९७२ च्या दुष्काळात ते झालं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. माझ्या आईनं त्या भिंतीवर मातीच्या पाट्या वाहिल्या आणि कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून आमच्यासाठी घरी आणली. असे पाझर तलाव मराठवाड्यात गावोगाव आहेत. जमिनीत पाणी मुरावं, खालच्या विहिरींना झरे फुटावेत म्हणून ते केले. पण पाच-सात पावसाळ्यांत त्या पाण्यात एक आख्खं गाव वसलं. आधी बेडूक आले, मग चतुर, मग मासे, मग बगळे, आणि त्यांच्या मागं भोई आले.

कड म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकासाठी नीट सांगतो. भिंतीच्या अंगाला पाणी खोल असतं. समोरच्या अंगाला, जिकडून ओढा येतो तिकडं, जमीन उताराची असते आणि पाणी पसरट होतं. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, फार तर कंबरेएवढं. ऊन पार तळाच्या मातीपर्यंत पोचतं. पाण्याखाली शेवाळ असतं, बारीक गवत असतं. काठाला लव्हाळा, मधूनमधून पाणकणीस. ही जागा बघायला काही देखणी नसते. पाय टाकला की चिखलात जातो. पण तळ्याचं बाळंतघर ते.

चतुर पाण्यावर शेपूट आपटत उडतो ते सगळ्यांनी बघितलंय. ती मादी अंडी टाकत असते. त्या अंड्यातून निघालेली अळी कित्येक महिने पाण्यातच राहते आणि डासाच्या अळ्या खाते. झिंगे गवताच्या काडीला धरून बसतात. खेकडा काठात बीळ करतो. शिंपला अर्धा चिखलात रुतून दिवसरात्र पाणी आत ओढतो, त्यातला खाण्याजोगा बारीक गाळ ठेवून घेतो आणि गाळलेलं पाणी बाहेर सोडतो. त्या बिचाऱ्याला कुणी पगार देत नाही, पण पाणी निवळायचं काम तो इमानदारीनं करतो. मरळ गवतात जागा साफ करून तिथं अंडी घालते. पिल्लं लालसर असतात, झुंडीनं वर येतात आणि खाली आई-बाप राखण करत फिरतात. लहानपणी आम्ही त्या झुंडीत हात घालायला जायचो, तर मरळ अंगावर धावून यायची.

एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. कटला, रोहू, मृगळ हे जे मोठे मासे बाजारात येतात, ते आपल्या तळ्यात वंश वाढवत नाहीत. त्यांना वाहती नदी लागते, पूर लागतो. त्यांची बोटुकली मच्छीमार सोसायटी दरसाल विकत आणून सोडते. पण गावठी लहान मासे, मरळ, झिंगा यांना कुणी आणून सोडत नाही. त्यांची पुढची पिढी कडेवरच तयार होते. विकत आणलेली बोटुकली मोठ्या माशाच्या तोंडून वाचते, तीही कडेच्या गवतात लपून. म्हणजे विकतचं असो की घरचं, कडेवाचून चालत नाही.

आता ह्या कडेवर दोन परक्या झाडांनी ताबा घेतलाय. काठावर बेशरम आणि पाण्यावर जलपर्णी.

बेशरम आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. दक्षिण अमेरिकेतली, पण आता बांधाला, नाल्याला, तळ्याच्या काठाला सगळीकडं तीच. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोकांनी कुंपणाला तिच्या काड्या रोवल्या. शेळीनं सवयीनं खाल्ली तर शेळी लुळी पडते. काडी चिखलात पडली की तिला मुळ्या फुटतात. काठावर तिची जाळी झाली की बाई धुणं घेऊन उतरू शकत नाही, म्हैस उतरू शकत नाही, खेकड्याला बिळापुढं ऊन मिळत नाही. नावच बेशरम. पण तिला काठ मोकळा करून देणारे आपण, मग बेशरम कोण?

जलपर्णीही तिकडचीच, ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातली. तिकडं तिला खाणारे किडे आहेत, म्हणून ती आटोक्यात राहते. माणसानं तिला फुलाच्या मोहापायी जगभर नेलं आणि तिचे वैरी मात्र मागं ठेवले. बंगालात ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला आली आणि नद्या, खाड्या, भातखाचरं अशी भरत गेली की १९३६ साली नुसत्या तिच्यासाठी तिथं कायदा करावा लागला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लोक तिला 'जर्मन पाना' म्हणू लागले, म्हणजे दुष्मनानं पाठवलेली. कायदा झाला, पण ती गेली नाही. आज आपल्या महाराष्ट्रात बघा. पुण्याची मुळा-मुठा आणि पवना, देहू-आळंदीची इंद्रायणी, कोल्हापूरचा रंकाळा आणि पंचगंगा, नांदेडची गोदावरी. जिथं माणसाची वस्ती आणि वस्तीचं गटार, तिथं ही हजर. मोठ्या पाण्यातून लहान पाण्यात ती जाळ्याला अडकून जाते, होडीच्या बुडाला चिकटून जाते. कुणी हौसेनं हौदात ठेवते आणि कंटाळा आला की ओढ्यात फेकून देते.

तिच्या वाढीचा हिशोब शेतकऱ्याच्या भाषेत मांडतो. पाणी खतावलेलं असलं आणि ऊन चांगलं असलं की ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. मृगाला, ७ जूनच्या सुमारास, तळ्यात एक गुंठा जलपर्णी आहे असं धरा. दसऱ्याच्या सुमाराला अठरा आठवडे होतात, म्हणजे नऊ दुपटी. एकाचे दोन, दोनाचे चार करत जा, नवव्याला पाचशे बारा येतात. पाचशे बारा गुंठे म्हणजे बारा एकर बत्तीस गुंठे. आमच्यासारख्या लहान तळ्याला तेवढंच पांघरूण पुरतं. सावकाराचं व्याजही एवढ्या वेगानं चढत नाही.

ती पहिल्यांदा कडेलाच का बसते? कारण कडेला वारा कमी, लाट कमी, आणि ओढ्यातून आलेला खतावलेला गाळ तिथंच थांबतो. एकदा ती दाट बसली की पाण्याखाली काय होतं ते ऐका.

माशाला जगायला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. तो दोन वाटांनी येतो. एक, वाऱ्यानं पाणी हलतं, तेव्हा हवेतून. दुसरा, पाण्यातलं शेवाळ आणि पाण्याखालचं गवत उन्हात अन्न तयार करतं, तेव्हा त्यातून. जलपर्णी ह्या दोन्ही वाटा बंद करते. वाऱ्याला पाणी सापडत नाही आणि उन्हाला तळ सापडत नाही. शेवाळ, पाण्याखालचं गवत अंधारात मरतं. जलपर्णी स्वतः प्राणवायू तयार करते, पण तिची पानं पाण्याच्या वर, त्यामुळं तो हवेत जातो. माशाच्या वाट्याला काही येत नाही. वर तिची जुनी पानं गळून खाली कुजतात, आणि कुजायलाही प्राणवायूच लागतो. म्हणजे जमा बंद आणि खर्च दुप्पट. अशा घराचं काय होतं ते आपण सगळे जाणतो.

सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. रात्रभर प्राणवायू तयार होत नाही, नुसता खर्च होतो. त्या वेळी काठावर उभं राहिलं की जिथं थोडं उघडं पाणी असेल तिथं मासे तोंड वर काढून आ वासताना दिसतात. आमचे एक भोई मामा मला म्हणाले होते, "अप्पा, हे मासं दम लागलेल्या माणसावाणी करायलेत बघा." दहावी शिकलेल्या मला जे चार पुस्तकं चाळून कळलं, ते त्यांना न वाचता माहीत होतं.

आणि मग एकामागून एक सगळं निघून जातं. गवत गेलं की झिंग्याला धरायला काडी नाही. शेवाळ गेलं की गोगलगाईला आणि बारीक पाणकिड्यांना खायला नाही. पाणकिडे कमी झाले की लहान मासे कमी. उघडं पाणी नाही म्हणून चतुराला अंडी टाकायला जागा नाही, आणि तोच दाट पाल्याचा आडोसा डासाला मात्र मानवतो. डासाची एक जात तर अशी आहे की तिच्या अळ्या जलपर्णीच्या मुळाला नळी टोचून तिथूनच श्वास घेतात. त्यांना पाण्याच्या वर यायची गरजच नाही, मग मासा त्यांना खाणार कसा? त्या जातीचे डास हत्तीरोग पसरवतात. गावात फवारणी करून काय होणार, डासांचा कारखाना तळ्यात चालू असताना?

शिंपल्याचं तर फार वाईट. त्याची पिल्लं जन्मली की काही दिवस माशाच्या कल्ल्याला चिकटून राहतात, तिथं वाढतात, मग गळून चिखलात पडतात आणि शिंपला होतात. मासा नाही तर शिंपला नाही. शिंपला नाही तर पाणी गाळणारा नाही. पाणी गढूळ, कुजकं, म्हणजे जलपर्णीला अजून चांगलं. असं ते रहाटगाडगं उलटं फिरायला लागतं.

मग तळ्यात उरतं कोण? ज्यांना वाईट पाणी चालतं ते. चिखलातल्या लाल अळ्या उरतात. चिलापी बराच काळ तग धरते, तीही बाहेरून आणलेलीच. मरळ आणि मांगूर वरची हवा घेऊन जगू शकतात, म्हणून काही दिवस टिकतात. पण मरळीलाही हवा घ्यायला पाल्यातून डोकं वर काढता आलं पाहिजे आणि अंडी घालायला गवत पाहिजे. उजनीसारख्या मोठ्या धरणात, जिथं पुण्या-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून येतं, तिथं जाळ्यात चिलापीच फार, हे तिथले मासेमार वर्षानुवर्षं सांगतायत. त्या एवढ्या मोठ्या धरणाची ही गत, तर पाच-दहा एकरांच्या पाझर तलावाची काय कथा.

आता समोरची बाजू. वाद घालायचा तर समोरच्याचं ऐकून घ्यायला पाहिजे.

काही शिकलेले लोक म्हणतात, जलपर्णी पाणी शुद्ध करते, तिच्या मुळ्यांत किडे राहतात, माशांना आसरा मिळतो. हे अर्धं खरं आहे. पाण्याच्या दहाव्या हिश्शात ती विखरून असली तर तिच्या मुळ्यांत खरंच जीव दिसतात. ती पाण्यातलं खत ओढून घेते हेही खरं. पण ओढून घेतलेलं ती कुठं नेत नाही. ती तिथंच मरते, तिथंच कुजते आणि घेतलेलं सगळं परत पाण्यात टाकते. चोरानं चोरी करून माल त्याच घरात लपवला तर घर रिकामं झालं म्हणायचं का? आणि दहावा हिस्सा ही राहते कुठं? वरचा दुपटीचा हिशोब पुन्हा वाचा.

दुसरे म्हणतात, मशीन लावा आणि काढून टाका. ते आम्ही बघितलं. काही वर्षांमागं एका कार्यक्रमाच्या आधी एक ठेकेदार मशीन घेऊन आमच्या तळ्यावर आला. तीन दिवस काम चाललं. भिंतीकडचा भाग साफ झाला, कारण रस्ता भिंतीवरून जातो आणि गाड्या तिथूनच जाणार होत्या. ओढ्याकडची कड, जिथं खरं दुखणं, तिथं मशीन गेलंच नाही. काढलेला पाला काठावरच ढीग घालून ठेवला. पावसानं त्याचा रस पाण्यात आणि राहिलेल्या काड्याही पाण्यात. दिवाळीला तळं पुन्हा झाकलेलं. बिल मात्र निघालं असेल, ते काही झाकलेलं राहत नाही.

तिसरे म्हणतात, तणनाशक मारा. बांधावर मारतो तसं. एका गावच्या तळ्यात हा उद्योग झालेला मी बघितलाय. पहिले चार दिवस लोक खूश, पाला पिवळा पडला. मग तो सगळा एकदम बुडाला आणि एकदम कुजला. आठ-दहा दिवसांत मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले. औषधानं जे मेलं नाही ते कुजण्यानं मेलं. आणि ते पाणी जनावरं पितात, हे मारणाऱ्याच्या ध्यानातच नव्हतं.

चौथे फार हुशार. ते म्हणतात, ह्यातून सोनं करा. खत करा, टोपल्या करा, गॅस करा. करा की, कोण नको म्हणतं? पण जलपर्णीत शंभरातले नव्वद-पंचाण्णव भाग पाणीच असतं. शंभर किलो वाहून आणा, वाळवा, हातात पाच-दहा किलो उरेल. डिझेल जाळून पाणी वाहायचा हा धंदा आहे. आणि जिथं कारखान्याचं पाणी मिसळतं तिथं ती शिसं, कॅडमियम असे विषारी धातू अंगात धरते. ते खत म्हणून रानात टाकायचं का? मला दुसरी भीती आहे. एकदा तिच्यावर कुणाचं पोट चालायला लागलं, की तिला संपवायला कोण धजेल?

पाचवी वाट किड्याची. १९८० च्या दशकात बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी जलपर्णी खाणारे भुंगे बाहेरून आणून आपल्याकडं सोडले. मणिपूरच्या लोकटक सरोवरात त्यांचा चांगला गुण आला. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही असेच भुंगे सोडले होते. ही वाट मला पटते, कारण तिच्या गावचे वैरीच तिच्या मागं लावलेत. पण भुंग्याला काही वर्षं लागतात. आमची तळी उन्हाळ्यात आटतात, मग पाल्याबरोबर भुंगाही मरतो. आणि पाण्यात गटाराचं खत भरपूर असलं की भुंगा खाईल त्यापेक्षा जास्त वेगानं ती वाढते. भुंगा मदतीला चालेल, पण आपलं गटार आपणच बंद करायला पाहिजे.

कुणी म्हणेल, मराठवाड्यात दुष्काळ पडतोच, तळं आटलं की ही आपोआप जाईल. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा. आमचं तळं पार कोरडं पडलं, चिखलाला भेगा गेल्या. जलपर्णी वाळून कडब्यासारखी झाली. सगळे म्हणाले, चला, दुष्काळानं एक तरी चांगलं काम केलं. त्या सालच्या पावसाळ्यात शेवटी शेवटी पाऊस दणकून झाला. तळं भरलं, आणि उघड्या चिखलातून ती भाजीच्या वाफ्यासारखी उगवली. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. शिंपला, झिंगा, मरळ मात्र त्या वर्षी परत आले नाहीत. दुष्काळानंतर गावात कोण लवकर उभं राहतं आणि कोण उठत नाही, हे आपण माणसांतही बघितलंय.

मग खरं दुखणं काय? दुखणं वरून, ओढ्यातून येतं. आता घरोघरी नळ आले. चांगलं झालं, बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला. पण नळाचं पाणी आलं तसं सांडपाणीही वाढलं. ते नालीत, नालीतून ओढ्यात, ओढ्यातून तळ्यात. साबण, पावडर, न्हाणीघर, संडास, सगळं त्यात. दुसरीकडून आमच्या उसाला, सोयाबीनला टाकलेलं खत. युरिया स्वस्त म्हणून शेतकरी पिकाला पाहिजे त्यापेक्षा जास्त फेकतो. एक मोठा पाऊस झाला की उरलेलं सगळं ओढ्याला लागतं. पुण्याचं गटार मोठं म्हणून त्याची चर्चा होते. खेड्याचं गटार लहान, पण खेड्याचं तळंही लहानच असतं.

आणि ह्यात अजून एक नवीन संकट. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' चालू आहे. गाळ काढावा ह्या मताचा मी आहे, तळ्याचा गाळ रानात सोन्यासारखा पडतो. पण जेसीबीवाला कसं उकरतो बघा. काठापासून सरळ उभा कापतो. उतार जातो, गुडघाभर पाणी जातं, कडेलाच पुरुषभर खोल डोह होतो. कागदावर साठा वाढला. पण बाळंतघर पाडून गोदाम बांधल्यासारखं झालं ते. पाल्यानं कड झाकली आणि मशीननं कड कापली. मरळीनं जावं कुठं?

ह्या सगळ्याचा भार कुणावर पडतो, तेही सांगायला पाहिजे. माझं रान आहे, माझं सोयाबीन आहे, तळ्यात मासा नसला तरी माझी चूल पेटते. भोयाचं तसं नाही. त्याच्या नावावर जमीन नाही. सोसायटी ठेक्याचे पैसे भरते, बोटुकली विकत आणते आणि जाळं टाकायला पाणीच उघडं नाही. जाळं टाकलं तर माशाऐवजी पाला येतो, ओढता ओढता जाळं फाटतं. आमच्या गावातली भोयांची तरणी पोरं पुण्याकडं आणि हैदराबादकडं मजुरीला गेली. पाण्याची विद्या जाणणारी ती शेवटची पिढी. आणि गंमत अशी की तळं साफ करायचं ठरलं की काम बाहेरच्या ठेकेदाराला जातं. ज्याला तळ्याची बोट न् बोट कड माहीत आहे, त्याला कुणी विचारतही नाही.

मी नुसतं रडगाणं गात नाही. करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंच आपल्याच हातात आहे.

पहिलं गटार. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघड्या नाल्या बंद केल्या. गाव डासमुक्त म्हणून गाजलं, लोक 'नांदेड पॅटर्न' म्हणू लागले. डासासाठी केलेला तो खड्डा तळ्यालाही वाचवतो. ज्या घरी जागा नाही त्यांचं पाणी ओढ्याच्या तोंडाशी एका खड्ड्यात थांबवा, तिथं आपलं गावठी पाणकणीस लावा आणि तिथून निथळून पुढं जाऊ द्या.

दुसरं, पाला हातानं काढा आणि वेळेवर काढा. मे महिन्यात पाणी कमी असतं, ती गुंठ्या-दोन गुंठ्यांत असते, तेव्हा. फुलावर यायच्या आधी. ओढ्याच्या तोंडाकडून सुरुवात करा. काढलेला पाला तळ्याच्या उताराबाहेर नेऊन टाका. हे एक वर्षाचं काम नाही, चिखलात बी आहे म्हणून दरसाल करावं लागेल. रोजगार हमीतून हे काम भोयांना द्या. लव्हाळा, पाण्याखालचं गवत त्यांना ओळखता येतं. ते उपटणार नाहीत. मशीनला आपला-परका कळत नाही.

तिसरं, तळ्याच्या ठेक्यात आणि गाळ काढायच्या परवानगीत एक ओळ घाला: ओढ्याकडची उताराची कड कापायची नाही. गाळ भिंतीकडचा, मधला काढा. तिथं तो जास्तही असतो.

चौथं आपल्या शेतकऱ्यांसाठी. तळ्याच्या आणि ओढ्याच्या लगत चार-पाच हात पट्टा गवताला सोडा. खत माती तपासून टाका. वैरणही होईल आणि युरियाचे पैसेही वाचतील.

पाचवं शहरातल्या वाचकासाठी. हौदातली, काचेच्या पेटीतली कुठलीही पाणवनस्पती नको झाली तर वाळवून टाका, नदी-नाल्यात सोडू नका. आणि तुमच्या नगरपालिकेला जलपर्णी काढायचा खर्च विचारताना सांडपाणी शुद्ध करायचा खर्चही विचारा. पहिला दरसाल होत असेल आणि दुसरा होत नसेल, तर तुमचे पैसे पाण्यातच चाललेत.

ग्रामसभेत दरवर्षी तळ्याचा विषय निघतो. किती टक्के भरलं, उन्हाळ्याला पुरेल का, मोटारी किती चालवायच्या. हे विचारायलाच पाहिजे. पण त्याच्या शेवटी अजून तीन प्रश्न विचारावेत असं माझं म्हणणं आहे. यंदा कडेच्या गवतात झिंगा दिसला का? चिखलात जिवंत शिंपला सापडला का? मरळीची लाल पिल्लं कुणी बघितली का? ह्याचं उत्तर कुठल्या रजिस्टरात मिळायचं नाही. सभेत मागच्या रांगेत, दाराजवळ भोई बसलेला असतो. त्याला पुढं बोलवा आणि त्याला विचारा.